घडी होणारी गाडी नेमकी कोणासाठी घेताय?

पत्र :

नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे पार घासले. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनचं डॉक्टरांनी सध्या थांबा म्हटलं. घरात काठी धरून संडास-बाथरूमपर्यंत जातात, ओट्यावर येऊन बसतात, त्याच्या पुढं नाही. आधी रोज मारुतीच्या पारावर जायचे, वावरात चक्कर मारायचे, आता दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर चिडचिड. पुण्याच्या माझ्या भासऱ्यांनी (मोठ्या दिरांनी) मोबाईलवर घडी होणारी इलेक्ट्रिक स्कूटर पाहिली, रिमोटचं बटन दाबलं की आपोआप मिटते, ७५ हजाराची आहे, दिवाळीला पाठवतो म्हणतात. आमचे हे म्हणतात सरकारकडून फुकट भेटते तर एवढे पैसे काहून घालायचे. सासरे म्हणतात, "मले लंगड्याची गाडी नको." सासूबाई काही बोलतच नाहीत. शेवटी गाडीचं सगळं माझ्याच गळ्यात पडणार हे मला माहीत आहे. घ्यावी का? आपल्याकडच्या रस्त्यावर चालते का? लाईटचं काय?

– एक सून, जि. यवतमाळ

उत्तर :

ताई, आधी सरळ उत्तर देतो. घडी होणारी घेऊ नका. गाडीच घेऊ नका असं नाही म्हणत, मामाजींना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, गाडीची गरज आहे हे तुमच्या पत्रातूनच दिसते, पण घडीवाली नको. का ते सांगतो, थोडं लांबेल.

घडी कोणाच्या सोयीची राहते ते आधी पाहा. जो बसणार त्याला घडीचा काडीचा उपयोग नाही, तो तर बसलेला आहे. घडी ही उचलणाऱ्याची सोय आहे. पुण्यात तुमच्या भासऱ्यांचं बरोबरच आहे, तिथं फ्लॅट, लिफ्ट, कारची डिक्की, मॉलमध्ये गुळगुळीत फरशी, घरात गाडी उभी करायला जागा नाही, तिथं मिटून कपाटाच्या बाजूला ठेवायची गाडी पाहिजेच. तुमच्याकडं सपरी आहे, गोठा आहे, अंगण आहे, तिथं मिटवायची कशाला? आणि रिमोटनं मिटते म्हणजे उचलली जाते असं नाही. या घडीवाल्या गाड्या बॅटरीसकट साधारण २० ते ३० किलोच्या राहतात. म्हणजे गव्हाचा अर्धा कट्टा, तोही असा की धरायला नीट कान नाही, एका बाजूला बॅटरीचं वजन, दुसऱ्या बाजूला हँडल लोंबते. व्हिडिओत तो चकाचक माणूस एका हातानं सुटकेसवाणी ओढत नेतो, पण तो विमानतळाच्या फरशीवर ओढते हो, तुमच्या अंगणातल्या गोट्यावर नाही. ऑटोत चढवायची तर तुम्ही उचलणार, उतरवायची तर तुम्हीच. भासऱ्यांना हे फोनवर सांगा, रागानं नाही, पण सांगा, की उचलणारा माणूस इथं कोण आहे ते धरून गाडी निवडा.

आता रस्ता. घडी व्हावी म्हणून कंपनी सगळंच लहान करते. चाकं सात-आठ इंचाची, बरेचदा भरीव रबराची, त्यात हवा नाही म्हणून पंक्चर नाही हे खरं, पण प्रत्येक खडा थेट कमरेत येते. जमिनीपासूनची उंची दोन-तीन इंच. गावठाणातला सिमेंट रस्ता असला, गट्टू बसवलेले असले तर चालते, मस्त चालते. पण गट्टू एका जागी खचला, नालीवरची फरशी तुटली, कोणी नळाची पाईपलाईन टाकायला रस्ता खोदून तसाच बुजवला (हे तर प्रत्येक गावात आहेच, सिमेंट सुकत नाही तोवर खोदतात), तिथं लहान चाक अडकते. तीन चाकाची असली तर वळताना कलंडायची भीती वेगळी, खास करून उतारावर वळलं तर. आणि काळी माती! पाऊस पडला की ती चाकाला आणि मडगार्डला अशी घट्ट बसते की मोठं बैलगाडीचं चाक फिरत नाही तिथं या मोटरची काय कथा. या मोटरा २५० वॅटच्या आसपास राहतात, चिखलातून ओढायला बनवलेल्याच नाहीत. म्हणून वावराचं आताच डोक्यातून काढा. पांदण रस्ता मातोश्री योजनेत मंजूर झाला असंल तरी मुरूम पडून दबेपर्यंत तिकडं गाडी न्यायची नाही. मामाजींना पऱ्हाटी पाहायची हौस आहे ना, तर जमीन वाळल्यावर एखादा ऑटो सांगून धुऱ्यापर्यंत न्या, तिथं तासभर बसू द्या. त्यासाठी ७५ हजार लागत नाहीत.

गुडघ्याचं मात्र नीट ऐका, कारण व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. ज्याचे गुडघे घासले त्याला चालण्याइतकंच, कधी कधी चालण्याहून जास्त, खाली बसणं आणि उठणं जड जाते. घडीवाल्या गाडीची सीट बरेचदा लहान आणि खाली राहते, कारण मिटायची आहे. काहींना हाताच्या दांड्या नसतात, किंवा काढघालीच्या नाजूक दांड्या राहतात. आता मामाजी खुर्चीतून उठतात कसे ते उद्या सकाळी पाहा. दोन्ही हात दांड्यावर रेटून उठत असतील, तर बिनदांड्याच्या खाली सीटवरून ते उठूच शकणार नाहीत, पारावर पोहोचतील आणि तिथं दोन माणसं लागतील काखेत हात घालून उठवायला, आणि ७२ वर्षांच्या स्वाभिमानी माणसाला पारावर सगळ्यांसमोर असं उठवलं तर दुसऱ्या दिवशी ते गाडीवर बसणार नाहीत हे मी लिहून देतो. म्हणून घरातली ज्या खुर्चीतून ते सहज उठतात तिची उंची टेपनं मोजा, जमिनीपासून बसायच्या जागेपर्यंत. गाडीची सीट तेवढी तरी उंच पाहिजे. पाय ठेवायची जागा पण पाहा, गुडघा पूर्ण वाकत नसंल तर पाय थोडा पुढं लांबवता आला पाहिजे, तिथं बॅटरीचा डबा आडवा आला की झालं.

आणि हात-डोळे? या गाड्या अंगठ्यानं किंवा बोटानं दाबायच्या खटक्यावर चालतात, सोडलं की आपोआप ब्रेक लागते, ते चांगलं आहे. पण अंगठा थरथरत असंल, मोतीबिंदू पिकलेला असंल, चक्कर येत असंल, तर आधी त्याचा इलाज. एक गोष्ट घरातल्या पोट्ट्यांना ठणकावून सांगा, मागं एक खटका राहते, तो फिरवला की मोटर सुटते आणि गाडी हातानं ढकलता येते. तो खटका सुटा असताना उतारावर ब्रेक लागत नाही. मामाजी बसलेले असताना त्याला कोणीच हात लावायचा नाही. आणि चावी रात्री काढून ठेवायची, नाहीतर सकाळी उठून पाहाल तर गाडी गल्लीतली पोरं फिरवत आहेत.

लाईटचं तुम्ही विचारलं, ती चिंता सगळ्यात छोटी आहे. बॅटरीवर दोन आकडे लिहिलेले राहतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर, त्यांचा गुणाकार करा. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे २४० वॅट-अवर, म्हणजे चार्जरमध्ये वाया जाते ते धरून पूर्ण चार्जिंगला पाव युनिटपेक्षा थोडं जास्त. बिलात कळणार पण नाही. दोन अँपिअरच्या चार्जरनं पाच-सहा तास लागतात, रात्री लाईट राहते तेव्हा लावा. कंपनी म्हणते २० किलोमीटर चालते, तो आकडा सपाट रस्त्यावरचा आणि हलक्या माणसाचा राहते, तुम्ही अर्धाच धरा, तरी पारावर जाऊन यायला भरपूर झाला.

खरी काळजी उन्हाची. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, अकोला, चंद्रपूर, वर्धा दरवर्षी बातम्यांत राहतातच. लिथियम बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये, असं केलं तर तिचं आयुष्य घटते आणि धोका पण वाढते. टिनाच्या सपरीत दुपारी किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून बॅटरी काढता येणारी पाहिजे, म्हणजे गाडी बाहेर आणि बॅटरी आत थंड खोलीत. फिरून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, थोडी थंड होऊ द्यायची. पलंगावर, गादीवर, कापसाच्या गंजीजवळ चार्जिंग बिलकुल नाही, हे मी हसण्यावारी नाही सांगत, दिवाळीच्या टायमाला आपल्या घरात कापूस भरलेला राहते. चार्जर सोबत आला तोच वापरा, बाजारातला दुसरा जुळते म्हणून लावू नका. पावसाळ्यात महिना-महिना वापर नसंल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा, पूर्ण रिकामी करून ठेवली तर मरते.

आता तुमच्या यजमानांचं, "सरकारकडून फुकट भेटते." भेटते, पण मामाजींना भेटंल का हे पाहा. केंद्र सरकारची दिव्यांगांना साधनं देणारी एडिप योजना आहे, तिच्यात कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची मोटरवाली तीनचाकी देतात. तिला हवेच्या चाकाची बांधणी आहे, आपल्या रस्त्याला ती घडीवालीपेक्षा कितीतरी बरी. पण त्या योजनेसाठी दिव्यांग प्रमाणपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड पाहिजे, उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि मोटरवाल्या गाडीसाठी ८० टक्के अपंगत्वाची अट राहते. साध्या फायद्यांना ४० टक्के पुरतात, मोटरवालीला नाही. म्हातारपणात घासलेल्या गुडघ्यांवर मेडिकल बोर्ड ८० टक्के लिहून देईल असं मला वाटत नाही. तरी यूडीआयडीसाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एकदा तपासणी करून घ्याच, कारण ४० टक्के जरी निघाले तरी एसटीची सवलत आहे, आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा राहते, तो ग्रामसेवकाला अर्ज देऊन मागता येते. अर्जाची पोच घ्या, तोंडी सांगितलं तर विसरतात.

वयाच्या हिशोबानं दोन योजना वेगळ्या आहेत आणि लोक त्या एकमेकीत मिसळतात. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, ६० च्या वरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या लोकांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, चष्मा, कानाचं मशीन असं शिबिरातून देतात, मोटरची स्कूटर त्यात नाही. दुसरी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना, २०२४ मधली, ६५ पूर्ण झालेल्या आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये टाकायची. त्यात स्कूटर येणार नाही, पण गुडघ्याचा चांगला पट्टा आणि कमोडची खुर्ची येते. तेवढ्यानंही रात्रीचं उठणं सोपं होते, सासूबाईंची झोप पण वाचते.

मग घ्यायचं काय? माझ्या हातात असतं तर भासऱ्यांचे ७५ हजार असे खर्च केले असते. सगळ्यात आधी ओट्याला रॅम्प. तुमच्याकडं ओटा नक्कीच दीड-दोन फूट उंच आहे, सगळ्यांचाच राहते. गाडी कोणतीही आणा, ओटा उतरता नाही आला तर ती अंगणात आणि मामाजी ओट्यावर, एकमेकांकडं पाहत बसतील. हिशोब असा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. मिस्त्री म्हणंल एवढा कशाला, सहा फुटात बसवतो, मोटरसायकल चढते की! मोटरसायकल चढते, ही चढली तरी मागं उलटंल. जागा कमी असंल तर मधात सपाट जागा देऊन एल आकाराचा करा. वरचा थर घोटून गुळगुळीत करायचा नाही, झाडूनं रेघा मारून खरबरीत ठेवायचा, आणि एका बाजूनं धरायला पाईप. हा पाईप लावला ना, तर मामाजी गाडीशिवाय पण उतरतील.

त्यानंतर गाडी. न मिटणारी, चार चाकाची, हवेची चाकं दहा-बारा इंच किंवा त्याच्या वर, हाताच्या भक्कम दांड्या, जमल्यास बाजूला फिरणारी सीट म्हणजे उतरताना गुडघा मुरडत नाही. वजनानं ती ५०-६० किलोची किंवा जास्त भरंल, भरू द्या, उचलायचीच नाही तर काय फरक पडते. २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असली, आणि तसा सरकारमान्य चाचणी संस्थेचा दाखला असला, तर आरटीओ पासिंग, लायसन काही लागत नाही, दुकानदाराकडून तो दाखला मागून घ्या. ताशी सहा-आठ किलोमीटर त्यांच्यासाठी भरपूर आहे, जास्त स्पीडच्या मागं लागू नका. आणि दुरुस्ती कोण करंल ते बिल देण्याच्या आधी विचारा, नंतर नाही. आता तालुक्याच्या ठिकाणी ई-रिक्षा दुरुस्त करणारे झाले आहेत, त्यांच्यातल्या एकाला गाडीचा फोटो दाखवा, कंट्रोलर आणि चार्जर भेटते का विचारा. त्यानं मान हलवली तर अर्धी लढाई झाली. ज्या गाडीचा पार्ट फक्त पुण्या-दिल्लीहून येते ती पहिल्या बिघाडात गोठ्यात जाते आणि तिच्यावर वैरण पडते. लिथियम बॅटरी साध्या कुरिअरनं पाठवायला पण कंपन्या टाळतात, म्हणून नवीन बॅटरी कुठून आणायची हे आधीच लिहून घ्या.

घडीवाली घेण्यात अर्थ आहे असा एकच प्रसंग मला दिसते, मामाजी वर्षातले बरेच महिने पुण्याला राहणार असतील तर. मग ती भासऱ्यांनी स्वतःच्या घरी घेऊन ठेवावी. नागपूरहून विमानानं नेण्याचा विचार असंल तर काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॅट-अवरच्या आत पाहिजे, वरचा गुणाकार तिथं कामी येईल. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर झाली की ३६०, गेली बाहेर. बॅटरी काढून हातातल्या बॅगेत न्यावी लागते आणि तिकीट काढतानाच विमान कंपनीला सांगावं लागते.

"मले लंगड्याची गाडी नको" याच्यावर मला सगळ्यांवर थोडा राग आहे, मामाजी सोडून. त्यांच्यासाठी गाडी कोणती घ्यायची, पैसे कोणी द्यायचे, फुकट का विकत, हे सगळं ठरलं आणि त्यांना शेवटी विचारलं. जन्मभर ज्यांनी बैलजोडी पारखून घेतली त्या माणसाला दुसऱ्यानं मोबाईलवर पाहून वाहन पसंत करून दिलं तर ते नाहीच म्हणतील. त्यांना यवतमाळला किंवा अमरावती-नागपूरला दुकानात न्या, दवाखान्याची तारीख राहते त्याच दिवशी जोडून. बसू द्या, अर्धा तास चालवू द्या, दुकानदाराशी भाव त्यांनाच करू द्या. चार चुका काढतील, काढू द्या, त्यातल्या तीन बरोबर निघतील. नकोच म्हटलं तर वापस या. आणि त्यांच्या वयाचा पारावरचा एखादा जोडीदार सोबत न्यायला जमलं तर आणखी चांगलं, माणूस सुनेचं ऐकत नाही पण पत्त्याच्या जोडीदाराचं ऐकते.

गाडी आली तरी पाय बंद करायचे नाहीत. घरातलं चालणं तसंच चालू ठेवायचं, गाडी फक्त गल्लीपासून पुढं. खुर्चीत बसून पाय सरळ करून थोडा वेळ धरायचा, मांडीच्या पुढच्या स्नायूचा हा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवते, तो रोज पाहिजे, नाहीतर बसून बसून मांड्या वाळतात आणि आहे तेवढंही चालणं जाते. ऑपरेशन "सध्या थांबा" म्हटलं होतं ना, मग आता परत विचारा. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू राहतात म्हणून काही महिने थांबवतात, ते कायमचं नाही असं राहू शकते. हृदयाचे आणि हाडाचे डॉक्टर एकाच छताखाली भेटतात अशा सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकलला जुने कागद घेऊन जा, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या माणसाला, ऑपरेशन योजनेत बसते का ते पण विचारून घ्या.

तुमच्या गळ्यात पडण्याचं राहिलं. गाडी येण्याच्या आधी घरात ठरवून घ्या, चार्जिंगला लावणं तुमच्या यजमानांचं काम, रॅम्पवरून उतरवताना सोबत उभं राहणं ज्याची त्या वेळी पाळी त्याचं, दुरुस्तीचा खर्च भासऱ्यांचा. हे दिवाळीत सगळे जमतात तेव्हा सगळ्यांसमोर बोला, जाऊबाईंसमोर पण. तोवर ओट्याची उंची, खुर्चीची उंची, दाराची रुंदी आणि मामाजींचं वजन एका कागदावर लिहून मला पाठवा, म्हणजे मॉडेलचं बोलता येईल.